व्याजमाफीचा अर्ज आणि मधला माणूस

शैक्षणिक कर्ज सरसकट माफ करणारी योजना केंद्र सरकारने आजवर आणलेली नाही; मध्य प्रदेशातही तशी योजना नाही. जे आहे ते व्याजापुरते आहे. ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबातील विद्यार्थ्याचे शिक्षणकाळातील व्याज सरकार भरते, मुद्दल मात्र विद्यार्थ्यालाच फेडावे लागते. ही सवलत मिळवून देण्यासाठी कोणाला पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणत्या कामाचे, हा प्रश्न जबलपूरच्या चेरीतालसारख्या वस्तीतील अनेक घरांचा आहे. त्याचे उत्तर काढायचे तर आधी कर्जाची, मग सवलतीची आणि शेवटी अर्जाची वाट तपासावी लागते, कारण मधला माणूस या वाटेवर नेमका कुठे उभा आहे यावरच त्याच्या कामाची किंमत ठरते.

जबलपूर हे बावन्न तालांचे शहर म्हणून ओळखले जाते. राणी दुर्गावतीने राणीताल, तिच्या दासीने चेरीताल आणि दिवाण आधारसिंह याने आधारताल बांधवला, अशी आख्यायिका शहरात घरोघरी सांगतात. चेरी म्हणजे दासी. आज चेरीताल म्हटले की दमोह नाक्याजवळची दाट मध्यमवर्गीय वस्ती डोळ्यांसमोर येते. इथून मुलांना शिकायला दूर जावेच लागते असे नाही. १९४७ साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९५५ सालचे वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ सालचे विद्यापीठ आणि २००५ मध्ये आलेली माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व विनिर्माण संस्था ही सारी याच शहरात आहेत. मराठी कुटुंबांचा इथला संबंधही जुना आहे. १७९८ ते १८१७ या काळात जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि पुढे १८६१ ते १९५६ या काळात नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे जबलपूरच्या मराठी घराचे एखादे तरी नातलग नागपुरात असतेच. हा तपशील इथे उगाच आलेला नाही. कर्जसवलतीच्या घोळात त्याचा वाटा मोठा आहे, आणि तो पुढे येईल.

बँका आज देतात त्या शैक्षणिक कर्जाचा साचा भारतीय बँक संघाने २००१ मध्ये ठरवलेल्या आदर्श योजनेतून आलेला आहे. त्यात ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, ४ ते ७.५ लाखांपर्यंत त्रयस्थाची हमी, आणि त्यापुढे घर, जमीन किंवा ठेव यांचे तारण अशी रचना होती. २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीमुळे ७.५ लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याची सोय झाली. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अभ्यासक्रम चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. या सवलतीच्या काळात व्याज मात्र सरळव्याजाने चढत असते आणि काळ संपला की ते मुद्दलात मिळवले जाते. भारतातील शिक्षणासाठी प्रक्रिया शुल्क घेऊ नये, मुदतीआधी फेडल्यास दंड लावू नये आणि अर्जाचा निकाल साधारण पंधरा दिवस ते एक महिना यांत लावावा, हेही त्याच साच्यात आहे. अर्ज नाकारायचा असेल तर शाखेने वरच्या अधिकाऱ्याची संमती घेतली पाहिजे. ‘बँकेत आमचे बोलणे आहे, मंजुरी आम्ही काढून देतो’ असे म्हणून पैसे मागणाऱ्याच्या समोर हे एवढे नियम ठेवले तरी पुरे.

सवलतीची मुख्य योजना म्हणजे २००९-१० या शैक्षणिक वर्षापासूनची केंद्रीय व्याज अनुदान योजना. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असलेल्या आणि भारतातच तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे, हप्ता सुरू होईपर्यंतचे संपूर्ण व्याज या योजनेत केंद्र सरकार भरते. बँक संघाच्या साच्यातले आणि अनुसूचित बँकेचे कर्ज असले पाहिजे. बिगर बँक वित्त कंपनीकडून घेतलेल्या कर्जाला हे अनुदान लागू नाही. लाभ एकदाच मिळतो, पदवीला किंवा पदव्युत्तरला. आजारपणासारखे कारण नसताना शिक्षण अर्ध्यावर सोडले तर तो हातचा जातो. या योजनेची समन्वयक बँक कॅनरा बँक आहे. कर्ज कोणत्याही बँकेचे असो, त्या बँकेने आपल्या विद्यार्थ्यांचे दावे कॅनरा बँकेकडे पाठवायचे आणि सरकारचे पैसे त्याच वाटेने विद्यार्थ्याच्या कर्जखात्यात यायचे.

तिच्या जोडीला पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली आणि २०२४-२५ ते २०३०-३१ या काळासाठी ३,६०० कोटी रुपये ठेवले. राष्ट्रीय मानांकनातल्या वरच्या आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या संस्था मिळून पहिल्या यादीत ८६० संस्था होत्या. अशा संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्याला तारणाशिवाय आणि हमीदाराशिवाय कर्ज मिळू शकते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार सोसते. दरवर्षी एक लाख विद्यार्थी ही त्याची मर्यादा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेला विद्यार्थी यात बसत नाही. दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ घेणाऱ्यालाही हे ३ टक्के मिळत नाहीत. मध्य प्रदेशात हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा ठरतो, कारण २०१७ पासूनची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत ८५ टक्के मिळवलेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलांचे शुल्कच भरते. शुल्क सरकार भरणार असेल तर तेवढे कर्जच काढावे लागत नाही, आणि न काढलेल्या कर्जापेक्षा मोठी माफी कोणतीच योजना देऊ शकत नाही. चेरीतालच्या घरात कर्जाचा विचार सुरू होण्याआधी हा अर्ज तपासला गेला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रम उलटा होतो.

या सवलतीचे मोल आकड्यांत पाहावे. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षी दीड लाख असे ६ लाखांचे कर्ज आणि १० टक्के व्याज धरू. हप्ता पाचव्या वर्षाअखेर सुरू होणार. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५,००० रुपये व्याज होते, दुसऱ्यावर चार वर्षांचे ६०,०००, तिसऱ्यावर ४५,००० आणि चौथ्यावर ३०,०००. एकूण २ लाख १० हजार. व्याज अनुदान मिळाले तर फेड ६ लाखांपासून सुरू होते आणि दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ७,९२९ रुपये येतो. अनुदान हुकले तर फेड ८ लाख १० हजारांपासून सुरू होते आणि हप्ता सुमारे १०,७०४ रुपयांवर जातो. दरमहा २,७७५ रुपयांचा हा फरक दहा वर्षांत ३ लाख ३३ हजारांच्या घरात पोहोचतो. एका कागदावर एवढी रक्कम अवलंबून असते, म्हणूनच त्या कागदाभोवती धंदा उभा राहतो. सवलतीच्या दहा टक्के मागणाऱ्याला २१,००० रुपये द्यावे लागतील, आणि घाबरलेल्या घराला ते स्वस्तही वाटतील.

आता त्या २१,००० रुपयांत नेमके काय मिळते ते पाहू. व्याज अनुदानाचा दावा विद्यार्थी करत नाही, शाखा करते. विद्यार्थ्याने करायचे ते इतकेच: राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला कर्ज मंजूर होताना शाखेत द्यायचा, योजनेचा करारनामा सही करून द्यायचा आणि दरवर्षी उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका पोहोचवायची. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत अर्ज संकेतस्थळावरून विद्यार्थ्याने करायचा असतो, पण तोही स्वतःच्या आधार क्रमांकावर, आणि कर्जाचा निर्णय बँकेचाच. दाखला तहसीलमधून येतो, दावा शाखेतून जातो, पैसे कॅनरा बँकेच्या वाटेने येतात. या तिन्ही ठिकाणी मधल्या माणसाला सही नाही, अधिकार नाही, लॉगिनही नाही. त्याच्या हातात राहते ती धावपळ आणि फॉर्म भरणे. धावपळीचे मोल असते, नाही असे नाही; पण ते सवलतीच्या टक्क्यांत मोजायचे मोल नव्हे.

फॉर्म भरून देणारा माणूस जबलपूरमध्ये शोधावा लागत नाही. २००६ साली मध्य प्रदेश सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून एमपी ऑनलाइन ही कंपनी काढली आणि तिचे किऑस्क गल्लोगल्ली झाले. प्रवेशाचा फॉर्म, परीक्षेचे शुल्क, शिष्यवृत्ती, समग्र आयडी या राज्याच्या ओळख क्रमांकाची दुरुस्ती, सारे तिथे होते. उत्पन्नाचा आणि मूल निवासी, म्हणजे राज्याचा कायम रहिवासी, असल्याचा दाखला लोक सेवा केंद्रातून मिळतो. मध्य प्रदेशाने २०१० साली लोक सेवा हमीचा कायदा केला, देशात सर्वांत आधी. त्यात दाखल्याला मुदत ठरलेली असते आणि अकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदत उलटली तर अपील करता येते, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. किऑस्कवाल्याला फलकावरचा दर देऊन, पावती घेऊन फॉर्म भरून घेण्यात काहीच गैर नाही. ज्या घरात संगणक नाही, इंग्रजी अर्जाची भीती वाटते, किंवा वडिलांना कामावरून रजा मिळत नाही, त्या घरासाठी हा खर्च रास्त आहे. तो करण्यात लाज वाटण्याचेही कारण नाही.

काळजी घ्यायची ती एका गोष्टीची, आणि ती लहान दिसली तरी सर्वांत महाग पडते. घाईत असलेला ऑपरेटर नोंदणी करताना स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ई-मेल टाकून मोकळा होतो. त्यानंतर ओटीपी त्याच्याकडे जातो, अर्जात त्रुटी निघाल्याचा संदेश त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. विद्यार्थी समजतो की अर्ज चालू आहे. अर्ज मात्र कुठल्याशा कागदासाठी अडून बंद झालेला असतो. क्रमांक विद्यार्थ्याचा, ई-मेल विद्यार्थ्याचा, पासवर्ड त्याने स्वतः टाकलेला, आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत हातात: एवढे झाल्याशिवाय किऑस्कच्या खुर्चीवरून उठू नये.

किऑस्कच्या वरची पायरी म्हणजे ‘एज्युकेशन लोन कन्सल्टंट’. परदेशी शिक्षणाच्या कर्जात त्यांची गर्दी अधिक. यांतले बरेच जण विद्यार्थ्याकडून काहीच घेत नाहीत, कारण त्यांना कमिशन कर्ज देणाऱ्या कंपनीकडून मिळते. अशा फुकट सल्ल्यात सल्लागाराचा कल कमिशन देणाऱ्याकडे असणार हे उघड आहे. सरकारी बँकेचे कर्ज मिळत असताना वित्त कंपनीचे कर्ज गळ्यात पडले, तर व्याजदर तर वाढतोच, शिवाय देशात शिकणाऱ्या मुलाचा व्याज अनुदानाचा हक्कही तिथेच संपतो. कन्सल्टंटकडे जाण्याआधी विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करून पाहणे शहाणपणाचे. १५ ऑगस्ट २०१५ रोजी हे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हापासून एकाच सामायिक अर्जावर तीन बँकांकडे मागणी करता येत आली आहे, आणि त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही.

तिसरा प्रकार सरळ फसवणुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी एक इशारा प्रसिद्ध केला. काही मंडळी वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून कर्जमाफीच्या मोहिमा चालवत आहेत, ‘कर्जमाफीचे प्रमाणपत्र’ देण्यासाठी सेवाशुल्क किंवा कायदेशीर शुल्क घेत आहेत, आणि बँकांची देणी फेडायची गरज नाही असा समज पसरवत आहेत, असे तिने म्हटले. असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार या देशात कोणत्याही खासगी व्यक्तीला नाही. ते घेऊन बँकेत गेलेल्या माणसाचे शुल्क जाते आणि मधल्या महिन्यांचे हप्तेही थकतात. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते, आणि पतअहवालावर डाग पडतो तो मुलाच्याच नव्हे, सहकर्जदार असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्याही.

लोक यावर विश्वास का ठेवतात, हे समजून घेण्यासारखे आहे. कर्जमाफी हा शब्द या भागाला अपरिचित नाही. २००८ साली केंद्राने शेतकऱ्यांची कर्जे माफ केली, २०१७ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राने केली, डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशात नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाच्या माफीवर सही केली. शैक्षणिक कर्जाबाबतही अगदीच काही घडले नाही असे नाही. १७ फेब्रुवारी २०१४ च्या हंगामी अर्थसंकल्पात केंद्राने, ३१ मार्च २००९ पर्यंत मंजूर झालेल्या आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी थकीत असलेल्या शैक्षणिक कर्जांचे तोवरचे थकीत व्याज स्वतःवर घेण्याचे जाहीर केले. सुमारे नऊ लाख विद्यार्थी आणि २,६०० कोटी रुपये असा तो हिशेब होता, आणि ही रक्कमही कॅनरा बँकेकडेच सोपवायची होती. केरळने २०१७ मध्ये गरीब घरांतील थकलेली शैक्षणिक कर्जे फेडायला मदत करणारी ९०० कोटींची योजना काढली, पण ती केरळपुरती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात १५ मार्च २०२४ पर्यंतची थकीत शैक्षणिक कर्जे एकदाच माफ करण्याचे आश्वासन होते; तो पक्ष सत्तेवर आला नाही. आश्वासनाची बातमी मोबाइलवर फिरत राहते, निकाल फिरत नाही. त्या दोहोंमधल्या फटीत हा धंदा शिरतो.

नागपूरच्या नात्याचा मुद्दा इथे येतो. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. देशातील शिक्षणासाठी १० लाखांपर्यंतच्या आणि परदेशी शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज ती परत करते. त्याची जाहिरात नागपूरचे मामा किंवा आत्या आपुलकीने जबलपूरला पाठवतात. पण ही योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. दोन-तीन पिढ्या चेरीतालला राहिलेले कुटुंब मध्य प्रदेशाचे मूल निवासी असते आणि मराठी असूनही त्या योजनेत बसत नाही. नागपूरच्या पत्त्यावर दाखला काढून देतो म्हणणारा माणूस मदत करत नसतो. खोटा रहिवास किंवा खोटे उत्पन्न दाखवून घेतलेले अनुदान परत वसूल होऊ शकते, खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि अर्जावर सही असते ती विद्यार्थ्याची. पुढे सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना आपल्यावर गुन्हा नोंद असल्याचे लिहायची वेळ येईल, ती त्याच्यावरच.

असाच दुसरा गोंधळ अमेरिकेतून येतो. ‘स्टुडंट लोन फरगिव्हनेस’ या शब्दांनी इंटरनेटवर शोधले की समोर येते ती माहिती बहुतेक अमेरिकेची असते. तिथे केंद्र सरकार स्वतः विद्यार्थ्यांना कर्ज देते आणि २००७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक सेवेत राहून १२० पात्र मासिक हप्ते भरणाऱ्याचे उरलेले कर्ज माफ होते. तो अर्ज फुकट आहे. तरीही त्यासाठी पैसे उकळणाऱ्या कंपन्या इतक्या माजल्या की तिथल्या व्यापार आयोगाने २०१० मध्ये, फोनवरून कर्जमुक्तीची सेवा विकणाऱ्यांनी काम होण्याआधी शुल्क घेण्यावरच बंदी घातली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांच्या महाधिवक्त्यांसह ३६ कारवाया जाहीर केल्या. त्या कंपन्यांनी साडेनऊ कोटी डॉलरहून अधिक बेकायदा आगाऊ शुल्क गोळा केले होते. म्हणजे जिथे माफी खरोखर आहे तिथेही अर्जासाठी पैसे देण्याची गरज नाही. जबलपूरहून विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेला गेलेल्या मुलाला तर ही सरकारी कर्जे मिळतच नाहीत. त्याचे कर्ज इथल्या बँकेचे, तारण इथल्या घराचे. तिकडच्या माफीचा त्याच्या खात्याशी काडीचाही संबंध नाही.

पैसे देऊन तज्ज्ञ गाठलाच पाहिजे अशी वेळही येते, आणि ती ओळखता आली पाहिजे. कर्ज मोठे आहे, घर तारण आहे, हप्ते थकले आहेत आणि बँकेची ६० दिवसांची नोटीस आली आहे: ही ती वेळ. २००२ च्या सरफेसी कायद्यात बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेता येते. नोटिशीला कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत उत्तर दिले पाहिजे. ताबा घेण्याची कारवाई झाली तर तिच्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते, आणि हे न्यायाधिकरण जबलपुरातच आहे. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे, आणि थकबाकी एक लाखाच्या आत असेल तरी तो लागू होत नाही. या मुदती चुकल्या तर घर जाते. इथे नोटीस वाचून उत्तर लिहिणाऱ्या वकिलाची फी म्हणजे वाया गेलेला पैसा नाही. नातलगांच्या सल्ल्यावर महिनाभर थांबणे हेच इथे महागात पडते. नोकरी लागल्यावर कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातली वजावट, जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत मिळते ती, घ्यायची की नवी प्रणाली परवडते, हा हिशेब गुंतागुंतीचा असेल तर सनदी लेखापालाला विचारणेही योग्य.

खरा वकील आणि माफीचा दलाल यांच्यातला फरक ओळखण्याची एक चांगली कसोटी वकिलांच्या नियमांतच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही, आणि निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. ‘माफ झाले तर वीस टक्के’ असे म्हणणारा माणूस एकतर वकील नाही, किंवा स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडतो आहे.

वकिलाचे पैसे परवडत नसतील तरी दार बंद नाही, आणि जबलपूरकरांना ते दार जवळ आहे. राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे मुख्यालय, उच्च न्यायालयाप्रमाणेच, याच शहरात आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. कर्ज मुलीच्या नावावर असेल किंवा सहकर्जदार आई असेल, तर त्या बाईला हा हक्क आहे, मग घराचे उत्पन्न कितीही असो. १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. लोक अदालतीत बँका थकीत शैक्षणिक कर्जांची प्रकरणे ठेवतात. तिथे शुल्क नाही आणि झालेला निवाडा अंतिम असतो. तडजोडीत बँक काही रक्कम सोडते, पण पतअहवालात खाते ‘फेडले’ असे न लागता ‘सेटल्ड’ असे लागते, आणि पुढे गृहकर्ज मागताना ती नोंद आडवी येते. सही करण्याआधी हे कुटुंबाने जाणले पाहिजे. बँकेने खाते ‘राइट ऑफ’ केले म्हणजेही कर्ज संपले असे नाही; ती बँकेच्या ताळेबंदातली नोंद असते, कर्जदाराचे देणे कायम राहते.

अनुदान हुकण्याचे एक अगदी साधे कारण म्हणजे विद्यार्थ्याने दाखला दिलेला असतो आणि शाखेकडून दावा पाठवायचा राहून जातो. याची दाद मागायला एक पैसाही द्यावा लागत नाही. शाखेला लेखी अर्ज द्यावा, त्यात दाखला कोणत्या तारखेला दिला आणि कोणत्या वर्षांचा दावा पाठवला गेला ते विचारावे, आणि पोच घ्यावी. सरकारी बँक असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून हीच माहिती मागता येते. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती मोफत आहे, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर हिंदीतून माहिती मिळते. या साऱ्यात सर्वांत उपयोगी पडतो तो पोच घेतलेला पहिला कागद. दाखल्याच्या झेरॉक्सवर शाखेचा शिक्का आणि तारीख असेल तर पुढचे काम सोपे होते. नसेल तर ‘तुम्ही दिलाच नव्हता’ या एका वाक्यापुढे सारे अडते.

म्हणून पैसे द्यायचे ठरले तर ते ठरलेल्या कामाचे, ठरलेल्या रकमेचे आणि पावतीवर द्यावेत. अर्ज भरण्याचे, कागद स्कॅन करण्याचे, नोटिशीला उत्तर लिहिण्याचे द्यावेत. मंजुरीचे, अनुदानाचे किंवा माफीचे देऊ नयेत, कारण या गोष्टी विकणाऱ्याच्या हाती नसतात. आगाऊ मागितले, टक्क्यांत मागितले, बँकेशी बोलू नका म्हटले किंवा हप्ता थांबवा म्हटले, की तिथून उठावे. मूळ कागद कोणाकडे ठेवू नयेत.

अनुदान खरोखर मिळाले की नाही हे पाहण्यासाठीही कोणाची गरज नाही. कर्जखात्याचा उतारा दरवर्षी एकदा शाखेतून काढावा आणि त्यात सरकारकडून जमा झालेली व्याजाची रक्कम शोधावी. वर्षाला एक पूर्ण पतअहवालही प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून फुकट मिळतो. उताऱ्यात अनुदानाची जमा दिसत नसेल, तर शाखेला लिहायचा अर्ज त्याच आठवड्यात लिहावा. सवलतीचा काळ संपून व्याज मुद्दलात मिळाल्यावर आणि पहिला हप्ता कापला गेल्यावर तीच दुरुस्ती करून घ्यायला कितीतरी अधिक खेटे घालावे लागतात.